पहिलीचा पट आणि चौथीचा पट



कामगार संघटनेच्या माणसाने प्राथमिक शाळेवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शिक्षणशास्त्रातला अधिकार आम्ही सांगत नाही. पण आमच्या धंद्याने आम्हाला एक सवय लावली आहे. कोणत्याही कामाच्या ठिकाणी गेले की आम्ही आधी हजेरीपट पाहतो. किती माणसे लागली, किती टिकली, किती गळाली आणि का गळाली, हे पटावरून कळते. मालकाचे भाषण मागाहून ऐकले तरी चालते. आज शाळेचा इतिहास आपण याच रीतीने वाचू. एकाच शाळेत बिगरीपासून चौथीपर्यंतची मुले एकत्र बसतात, ती कशी शिकत आली, आणि पहिलीच्या पटावरची किती मुले चौथीच्या पटावर पोचली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

इंग्रजी अमलाच्या आधी आपल्याकडे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाची ओसरी नाहीतर एखाद्या वाड्याची पडवी, हीच शाळेची इमारत. तेथे इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तक नव्हते. नवा मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, त्याच्याहून मोठा बोरूने मोडी वळण घोटी, आणखी मोठा खत-पत्राचा मजकूर उतरून काढी. एकीकडे पाढे आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी चालत. प्रत्येक मुलगा आपल्या पायरीने चढे, आणि खालच्याला अक्षर दाखवायचे काम वरच्याकडे असे. एकटे पंतोजी सगळ्यांना पुरे कसे पडत, याचे उत्तर यात आहे. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यात मोजणी झाली तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी भरले. परंतु या शाळांचे गुणगान करताना त्या पटावर कोणाची नावे नव्हती तेही पाहिले पाहिजे. मुली जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्यांना पडवीत पाय ठेवता येत नव्हता. कुणब्याचा मुलगा आला तर आला. रीत चांगली होती, पण दार अरुंद होते.

या रीतीने पुढे मोठा प्रवास केला. मद्रासेत लष्करी अनाथ मुलांचा एक आश्रम होता. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये त्याचा प्रमुख झाला. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि आपल्या आश्रमात तसेच करा असे शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याला लहान मुलांच्या वर्गावर बसवले, आणि तो वर्ग चांगला चालला. १७९७ मध्ये त्याने हा प्रयोग लंडनात छापून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर चालवली. एक मास्तर, त्याच्या हाताखाली मॉनिटर, आणि रांगेने बसलेली शेकडो मुले! एका मास्तराने हजार मुले शिकवता येतात, असा लँकेस्टरचा दावा होता.

तो काळ विलायतेत सूतगिरण्या उभ्या राहण्याचा होता. गिरणीत जसा जॉबर, तसा शाळेत मॉनिटर. गिरणीत जशी घंटा, तशी शाळेत घंटा. पंतोजींच्या पडवीत थोरला मुलगा धाकट्याला अक्षर दाखवी तेव्हा त्यात शेजारधर्म होता. लँकेस्टरच्या दिवाणखान्यात त्याचा हिशेब झाला, कारण मॉनिटरला शिक्षकाचा पगार द्यावा लागत नाही. पुढे मुंबईत एज्युकेशन सोसायटीच्या शाळा निघाल्या, त्यांत ही पद्धत परत आपल्याकडे आली. गेली ती देशी होती, आली ती साहेबी होऊन!

आज आपण ज्याला इयत्ता म्हणतो ती त्यानंतरची. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते स्थापन झाले. मेजर कँडींच्या देखरेखीखाली मराठी वाचनमाला तयार झाली: पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक. पुस्तकाची पायरी हीच मुलाची पायरी ठरली. ती पायरी तपासायला डिपुटीसाहेब येऊ लागले. विलायतेत १८६२ च्या सुधारित संहितेने सहा इयत्ता आखल्या आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांना पैशाची किंमत लावली. मूल एका विषयात नापास झाले की शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. म्हणजे शिकवणे हे उक्ते काम झाले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक झाले, अशी कडक टीका त्याने केली. आमच्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधले गेले.

इयत्तेने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुलगा कोणाचा हे न विचारता त्याला काय येते हे विचारण्याची सोय तिने केली. गाव बदलले तरी दाखल्यावर इयत्ता कायम राहू लागली. पण तिने एक नवा शब्दही जन्माला घातला. पंतोजींच्या शाळेत मागे राहिलेला मुलगा होता, 'नापास' मुलगा नव्हता.

इकडे अरुंद दार उघडण्याचे काम खात्याबाहेरची माणसे करीत होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि प्राथमिक शिक्षकाला १२ रुपयांहून कमी पगार देऊ नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकाच्या पोटाचा विचार मुलाच्या पाटीबरोबर करणारा हा पुरुष आम्हा कामगारांना जवळचा वाटतो, त्याचे कारण हेच.

त्याच वेळी त्याच वयाची मुले कोठे होती ते पाहा. १८८१ चा कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले! १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तास आले. शाळेच्या हिशेबाने सात वर्षांचे मूल म्हणजे दुसरीतले, नऊ वर्षांचे म्हणजे चौथीतले. विलायतेत १८४४ च्या कायद्याने अर्धवेळ कामाच्या मुलाला रोज तीन तास शाळेत बसवणे बंधनकारक केले होते. आपल्याकडच्या कायद्यात ते कलमच नव्हते. मुलाचे नाव गिरणीच्या मस्टरवर चढले की शाळेच्या पटावरून उतरे.

नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक! मुलगे सहा ते दहा वर्षांचे, आणि तेही स्थानिक संस्थेची तयारी असेल तेथे. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परंतु बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचा आरंभ करून १९०६ मध्ये ती सर्व संस्थानाला लावली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका वर्गात बसवण्याचा हुकूम काढला. दोन संस्थानिकांनी करून दाखवले ते साम्राज्य सरकारला परवडत नव्हते, असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

आता दार थोडे रुंदावले. मग पटावर काय दिसू लागले? १९२९ मध्ये हारटॉग समितीने आपला अहवाल दिला. १९२२-२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत जे १०० मुलगे होते, त्यांच्यामागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ आढळले. शंभरातले ब्याऐंशी चार वर्षांत कोठे गेले? समितीने दोन शब्द वापरले: गळती आणि कुंठितता. काही मुले शाळा सोडून गेली, काही त्याच वर्गात रुतून बसली. कारणे वर्गाबाहेर होती तशी वर्गातही होती. गावच्या शाळेत बहुधा एकच मास्तर. वर्षभर केव्हाही नवे मूल पहिलीत येई. मास्तर चौथीचा निकाल सांभाळण्यात गुंतलेला, आणि पहिलीची मुले ओसरीवर गलका करीत बसलेली. ज्या वर्गाला शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्या वर्गाला तो सर्वांत कमी मिळे.

रोग समितीने अचूक पाहिला. औषधाच्या बाबतीत मात्र आमचा मतभेद आहे. विस्तार आवरा, दुबळ्या शाळा कमी करा, आहेत त्या बळकट करा, असा तिचा सल्ला होता. कारखान्यात माणसे टिकत नाहीत असे दिसले, तर शहाणा मनुष्य ती का टिकत नाहीत ते पाहतो. कारखाना बंद करण्याला आम्ही उपाय म्हणत नाही.

दुसरे औषध आपल्याच मातीत सापडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम आरंभले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणल्या. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत, मुलगी वर्गात. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. तिचे नाव कुरणशाळा. गवत, बिया, दगड हेच साहित्य. धाकटे मोजीत, मधले त्यांची बेरीज करीत, थोरले त्यावर लिहीत. वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र असणे ही तेथे अडचण राहिली नाही. तीच शिकवण्याची सोय झाली. मात्र त्यामागे माणसे उभी होती, हे विसरू नये. मुलांवर मुले सोपवून बाईंनी पगार वाचवला नाही.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडच्या खेड्यांत राबलेले गृहस्थ. या आयोगाने शिफारस केली की पहिली आणि दुसरी हा एकच सलग घटक मानावा, आणि शक्य तेथे चौथीपर्यंत तेच धोरण ठेवावे, म्हणजे मूल आपल्या चालीने पुढे जाईल. पंतोजींच्या पडवीतले शहाणपण दीडशे वर्षांनी सरकारी अहवालात आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले; २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला ती मुभा राज्यांना पुन्हा दिली. त्याच कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे धरले आहेत. म्हणजे दोन माणसांनी पाच इयत्ता शिकवायच्या, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. मग त्याचे रीतसर शिक्षण प्रत्येक शिक्षकाला नको काय?

शेवटी आमच्या रोजच्या कामातले सांगतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचे कोयते गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. बैलगाडीच्या साट्यावर भांडीकुंडी आणि त्यावर मुले. पाच-सहा महिने फडात जातात. यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावी हंगामी वसतिगृहे झाली, हमीपत्रके निघाली. चांगली चाललेली साखरशाळा आम्ही पाहिली आहे. एका खोपीत चार इयत्ता. पहिलीची मुले उसाच्या कांड्यांनी दशक मांडतात, तिसरीची मोळ्या मोजून गुणाकार करतात, चौथीची मुलगी बापाच्या उचलीचा हिशेब लिहिते. त्या हिशेबाला फार मोल आहे, कारण उचल फिटली की नाही हे बापाला दरवर्षी मुकादम सांगतो. आणि जेथे साखरशाळा नाही, तेथे ती मुलगी खोपीवर धाकट्याला सांभाळते. एप्रिलात गावी परतते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. तिचे नाव पटावर असते. ती वर्गात नसते.

२०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला, तेव्हा आम्हाला हारटॉग समितीचा सल्ला आठवला. पट कमी, चार इयत्ता एका खोलीत, म्हणून शाळा दुबळी, हा युक्तिवाद जुनाच आहे. एका खोलीत चार इयत्ता बसल्याने मूल बिघडत नाही. शिक्षक एकटा पडला, त्याच्यावर शाळेबाहेरची कामे लादली आणि मूल सहा महिने परगावी राहिले, म्हणजे बिघडते. वाडीवरची शाळा चार मैल दूर गेली, तर पटावरून पहिले नाव मुलीचे कमी होईल, हे सांगायला समिती नको.

तेव्हा नागरिकहो, आपल्यातले कोणी शाळा समितीवर असतील, कोणी नगरपालिकेत, कोणी जिल्हा परिषदेत. आमची विनंती लहान आहे. शाळेचे स्नेहसंमेलन पाहा, निकाल पाहा. पण त्याआधी दोन पट मागून घ्या. यंदाचा चौथीचा पट, आणि चार वर्षांपूर्वीचा पहिलीचा. दोन्ही शेजारी ठेवा, नाव नावाशी लावा. जे नाव दुसऱ्या पटावर सापडणार नाही, त्याच्या घरी जाऊन या. शाळेचा खरा इतिहास त्या घरात सांगितला जाईल.