गिअर कोणी टाकायचा? स्पोर्ट्स कारमधल्या मॅन्युअल-ऑटोमॅटिक वादाचा इतिहास #थ्रेड

१/ स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे आजही एक जुना प्रश्न उभा राहतो: गिअर आपल्या हाताने टाकायचे की यंत्रावर सोपवायचे? मॅन्युअल ही स्पोर्ट्स कारची मूळ आणि अस्सल परंपरा, तर ऑटोमॅटिक हे आरामप्रिय लोकांसाठी नंतर लावलेले ठिगळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र इतका सरळ नाही. तोच या धाग्यात पाहू.

२/ आधी मुळाशी जाऊ. पेट्रोल इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच नीट जोर लावते. थांबलेली गाडी थेट ओढून नेण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चक्रांची पेटी लागते, आणि त्या दोहोंना क्षणभर विलग करणारा क्लच लागतो. १८९०च्या दशकात फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीने सरकत्या गिअरांची जी रचना रूढ केली, तिचे वंशज आजच्या मॅन्युअल गाड्यांतही आहेत.

३/ त्या काळी गिअर बदलणे हे खरोखरच कसब होते. क्लच दोनदा दाबायचा, मधल्या क्षणी इंजिनाच्या फेऱ्या अंदाजाने जुळवायच्या. अंदाज चुकला की दातांवर दात घासल्याचा कर्कश आवाज येई. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. चक्रे जुळण्यापूर्वी त्यांचा वेग सारखा करण्याचे काम तो स्वतःच करी. म्हणजे आज ज्याला आपण ‘शुद्ध’ मॅन्युअल म्हणतो, त्यातही चालकाचा मोठा भार यंत्राने केव्हाच उचलला आहे.

४/ पुढचे पाऊल जनरल मोटर्सने टाकले. १९४०च्या मॉडेलसाठी ऑल्ड्समोबाइल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ आला. क्लचचे पेडल नाहीसे झाले. इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाऊ लागली आणि गिअर आपोआप बदलू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही ही यंत्रणा वापरली गेली. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी ग्राहकाच्या लेखी ऑटोमॅटिक म्हणजे आधुनिकता, असे समीकरण रूढ होत होते.

५/ या पार्श्वभूमीवर जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात शेव्हरलेची कॉर्व्हेट लोकांसमोर आली. अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स कारची ही सुरुवात. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. आणि सगळ्याच्या सगळ्या ऑटोमॅटिक! दोनच गिअरांचा ‘पॉवरग्लाइड’ घ्यायचा, दुसरा पर्यायच नाही.

६/ असे का झाले? गाडी लवकर बाजारात आणायची होती आणि त्यासाठी कंपनीच्या घरगुती गाड्यांचे तयार भाग हाताशी होते. सहा सिलिंडरांचे साधे इंजिन थोडे ताकदवान करून १५० अश्वशक्तीपर्यंत नेले आणि त्याला पॉवरग्लाइड जोडला. बाह्य रूप शर्यतीच्या गाडीचे, अंतरंग मात्र कुटुंबवत्सल सेडानचे, असा हा संकर होता.

७/ ग्राहकाने तो ओळखला. युद्धानंतर ब्रिटनहून आलेल्या एमजी आणि जग्वारच्या छोट्या, चपळ गाड्यांनी स्पोर्ट्स कार म्हणजे काय हे अमेरिकेला शिकवले होते. १९५४ मध्ये ३,६४० कॉर्व्हेट बनल्या, पण शेकडो गाड्या विकल्याविना पडून राहिल्या. १९५५ मध्ये जेमतेम ७०० बनल्या. दोष एकट्या गिअरबॉक्सचा नव्हता: इंजिन दुबळे होते आणि दारांना वर-खाली होणाऱ्या काचासुद्धा नव्हत्या.

८/ त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड आली आणि पहिल्याच हंगामात तिच्या १६,००० हून अधिक गाड्या खपल्या. तिच्यात मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही मिळत. इथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा दिसतो. अनेकांनी थंडरबर्डमध्येही ऑटोमॅटिकच घेतला असेल. पण कोणता घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. कॉर्व्हेटच्या ग्राहकाला तो नव्हता.

९/ कॉर्व्हेटला तारले ते झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने. ब्रसेल्समध्ये जन्मलेला, रशियन आईवडिलांचा, बर्लिनमध्ये शिकलेला हा गृहस्थ स्वतः शर्यतीत उतरणारा होता. १९५४ आणि १९५५ साली ल मान्समध्ये पोर्शे चालवून त्याने आपल्या वर्गात यश मिळवले. कॉर्व्हेट प्रदर्शनात पाहून तो भारावला आणि १९५३ मध्येच शेव्हरलेत रुजू झाला.

१०/ १९५५ मध्ये कॉर्व्हेटला व्ही-८ इंजिन मिळाले आणि वर्ष सरता सरता तीन गिअरांचा मॅन्युअलही. १९५६ पासून तोच मूळ पर्याय ठरला आणि पॉवरग्लाइड जादा पैसे देऊन घ्यावा लागू लागला. १९५७ मध्ये चार गिअरांचा मॅन्युअल आला. म्हणजे या गाडीपुरते पाहिले, तर ऑटोमॅटिक आधीचा आणि मॅन्युअल नंतरचा. ‘परंपरा’ दोन-चार वर्षांतही घडवता येते, ती अशी.

११/ आता शर्यतीच्या मैदानाकडे वळू. शर्यतीत तरी मॅन्युअलच जिंके, असे आपण गृहीत धरतो. टेक्सासच्या जिम हॉलने साठच्या दशकातच या गृहीतकाला धक्का दिला. त्याच्या ‘शॅपरल’ गाड्यांत शेव्हरलेच्या अभियंत्यांच्या मदतीने टॉर्क कन्व्हर्टर बसवला होता. गिअर निवडायला दांडा होता, पण क्लचचे पेडल नव्हते. १९६५ ची सेब्रिंगची १२ तासांची शर्यत हॉल आणि हॅप शार्प यांनी अशाच गाडीतून जिंकली.

१२/ १९६६ मध्ये फिल हिल आणि यो बोनिए यांनी शॅपरलमधून नुर्बुर्गरिंगची १,००० किलोमीटरची शर्यतही जिंकली. त्याच वर्षीच्या ‘२ई’ गाडीत हॉलने मोकळ्या झालेल्या डाव्या पायाला नवे काम दिले. मागे उंच खांबांवर बसवलेला पंख त्या पायाने आडवा करता येई. सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा कमी होई आणि पाय उचलला की पंख पुन्हा गाडीला जमिनीशी दाबून धरी.

१३/ हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. यंत्राने एक काम काढून घेतले म्हणून चालक रिकामा बसला नाही. त्याला दुसरे, अधिक उपयोगी काम मिळाले. ऑटोमॅटिकमुळे चालवण्याची कला मरते, हा आक्षेप म्हणूनच सरसकट खरा नाही. मोकळा झालेला हात वा पाय कशाला जुंपला जातो, यावर ते ठरते.

१४/ युरोपातही प्रयोग चालू होते. पोर्शेने १९६७ मध्ये ‘स्पोर्टोमॅटिक’ आणला. गिअरच्या दांड्याला हात लागताच क्लच आपोआप सुटे. त्याच वर्षी नुर्बुर्गरिंगवरील ८४ तासांची अजस्र शर्यत व्हिक एल्फर्ड, हान्स हेरमान आणि योखेन नेरपाश यांनी जिंकली, ती स्पोर्टोमॅटिक बसवलेल्या ‘९११ आर’ मधून. हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१५/ मग ही यंत्रणा सर्वत्र का पसरली नाही? कारण तेव्हाचा टॉर्क कन्व्हर्टर काही शक्ती तेल घुसळण्यातच घालवी. तो जड असे आणि गाडीचा प्रतिसाद मंदावे. कसलेला चालक मॅन्युअलने सहसा अधिक वेगाने जाई. जिंकण्यासाठी आणि आनंदासाठी लागणारी यंत्रणा बहुतांशी एकच होती. म्हणून कोणाला निवड करताना फारसा विचार करावा लागत नसे.

१६/ या वादात कधी कधी कायदाही हात घाली. १९८९ च्या कॉर्व्हेटमध्ये सहा गिअरांचा मॅन्युअल आला, पण इंधनवापराच्या सरकारी चाचणीत आकडे चांगले यावेत म्हणून त्यात एक गमतीची सोय होती. हलक्या पायाने गाडी चालवली की दांडा पहिल्यावरून थेट चौथ्या गिअरकडे ढकलला जाई! दांडा चालकाच्या हातात, निर्णय मात्र संगणकाचा.

१७/ खरी क्रांती दोन वाटांनी आली. पहिली वाट दुहेरी क्लचची. एक क्लच विषम गिअरांसाठी, दुसरा सम गिअरांसाठी. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो; फक्त एका क्लचवरून दुसऱ्यावर भार सोपवायचा. ही कल्पना फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. पोर्शेने ती ऐंशीच्या दशकात शर्यतीत आणली आणि १९८६ मध्ये मोन्झा येथे ९६२ गाडीने तिच्या बळावर विजय मिळवला.

१८/ दुसरी वाट फॉर्म्युला वनची. जॉन बर्नार्डने फेरारी ६४० मध्ये गिअरचा दांडाच काढून टाकला आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या. बोटाने ओढले की गिअर बदलला. सरावात गाडी वारंवार बिघडे. तरीही १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेलने पदार्पणातच ती जिंकून दाखवली. हात स्टिअरिंगवरून न उचलण्याचा फायदा सर्वांना कळला आणि काही वर्षांतच सारे संघ त्या वाटेने गेले.

१९/ मैदानावरून हे तंत्र रस्त्यावर उतरले. १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ ला पट्ट्यांचा पर्याय मिळाला. २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून दुहेरी क्लच सामान्य विक्रीच्या गाडीत आला, २००८ मध्ये तो पोर्शे ९११ मध्ये पोहोचला. आता कितीही निष्णात चालक असला तरी यंत्राच्या गतीने गिअर बदलणे माणसाला अशक्य झाले. घड्याळापुरता वाद इथे संपला.

२०/ आणि गंमत अशी की, वाद खरा पेटला तो इथूनच. २०१३ मध्ये पोर्शेने आपली सर्वांत कडवी ९११ जीटी३ केवळ दुहेरी क्लचसह आणली. गाडी पूर्वीपेक्षा वेगवान होती, तरी जुने चाहते नाराज झाले. तीन वर्षांनी कंपनीने ९११ आर काढली: गाड्या फक्त ९९१ आणि गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. अल्पावधीत पुनर्विक्रीच्या बाजारात तिची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली.

२१/ आता ते नाव आठवा. १९६७ ची ९११ आर गाजली ती क्लचचे पेडल नसतानाही ८४ तास टिकून. २०१६ ची ९११ आर गाजली ती क्लचचे पेडल आहे म्हणून. नाव तेच, अर्थ उलटा. मॅन्युअल जोवर वेगवान होता तोवर तो केवळ एक साधन होता. वेगाची स्पर्धा हरल्यावर तो मूल्य झाला. कंपनीने धडा घेतला आणि २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत दिला, तोही जादा पैसे न घेता.

२२/ जग्वारची कथाही अशीच. २००८ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने ही ब्रिटिश कंपनी घेतली. तिच्या छत्राखाली २०१३ मध्ये विक्रीस आलेली एफ-टाइप आधी फक्त ऑटोमॅटिक होती. पुढे व्ही-६ इंजिनाच्या गाडीला मॅन्युअल मिळाला, आणि कालांतराने तो पुन्हा बंदही झाला. मागणी करणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, पण प्रत्यक्ष पैसे मोजणारे थोडे असतात. पर्याय टिकतो तो दुसऱ्यांच्या जोरावर.

२३/ कॉर्व्हेटचे तेच झाले. मॅन्युअल घेणारे कमी होत गेले. जुलै २०१९ मध्ये इंजिन चालकाच्या मागे असलेली नवी कॉर्व्हेट आली, ती आठ गिअरांच्या दुहेरी क्लचसह, मॅन्युअलविना. १९५३ मध्ये ग्राहकाला पर्याय नव्हता; ६६ वर्षांनी पुन्हा तो उरला नाही. फरक एवढाच की, पहिल्या वेळी कंपनीने ग्राहकाला विचारले नव्हते आणि दुसऱ्या वेळी ग्राहकाने आपले उत्तर आधीच देऊन ठेवले होते.

२४/ मग निवडावे काय? इतिहास एवढे सांगतो की, ‘अस्सल कोणते’ हा प्रश्न चुकीचा आहे. फेरीची वेळ कमी करायची असेल, रोज शहरातल्या कोंडीतून जायचे असेल, तर दुहेरी क्लच निःसंशय सरस. वेगापेक्षा हात, पाय आणि कान यांचा मेळ जमवण्यात सुख वाटत असेल, तर मॅन्युअलला तोड नाही. पहिल्याचे माप घड्याळात आहे. दुसऱ्याचे माप चालकाच्या समाधानात आहे. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजले की भांडण होते.

२५/ शेवटी एक चमत्कारिक वळण. विजेच्या मोटारीला बहुधा अनेक गिअर लागतच नाहीत. तरीही २०२३ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत गिअर बदलल्याचा भास निर्माण करणारी सोय दिली: हलका धक्का, आवाज, सगळे काही कृत्रिम. गरज संपली, तरी ती गरज भागवताना जडलेला जिव्हाळा संपला नाही. मात्र भास विकत मिळतो. कसब सरावानेच टिकते. ज्यांना ते टिकावे असे वाटते, त्यांनी गाडी घेताना तसे सांगायला हवे. #इतिहास #मराठी