पारशी बागा आणि घटती लोकसंख्या : गृहनिर्माणाच्या उपायाचा ऐतिहासिक विचार

भारतातील पारशी समाजाची लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत १,११,७९१ होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ पर्यंत खाली आली. याच साठ वर्षांत देशाची लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. ही घट रोखण्यासाठी तरुण जोडप्यांना स्वतंत्र घरे द्यावीत, ही मागणी समाजात जुनी आहे. परंतु आपल्या विश्वस्त संस्थांच्या मालकीची इतकी घरे मुंबईतील क्वचितच अन्य लहान समाजाकडे असतील. घरे असूनही घरांची टंचाई का, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

१८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्तीचे भीषण स्वरूप उघड केले व १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत मंचेरजी एदलजी जोशी यांनी पारशांसाठी १०३ भूखंड मिळविले. त्यांवर मध्यमवर्गीयांची वसाहत उभी राहिली. गरीब कुटुंबांसाठी मात्र जेरबाई वाडिया यांच्या दातृत्वाचा आधार होता. लालबागची नौरोज बाग, भायखळ्याची रुस्तम बाग व जेर बाग, तसेच १९३४ पासून उभी राहिलेली कुलाब्याची कुसरो बाग ही वाडिया कुटुंबाच्या दानाची फळे होत. (येथे 'बाग' म्हणजे उद्यान नव्हे, तर कुंपणाच्या आतील वसाहत.) या बांधकामांमागे आरोग्य आणि निवारा हा हेतू होता, लोकसंख्यावाढीची कल्पना त्यात नव्हती.

पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे घराचा हक्क जाऊ लागला. भाडे नाममात्र राहिल्याने घर सोडण्याचे कारणच उरले नाही. मुले परदेशी, वृद्ध आईवडील प्रशस्त घरात एकटे, आणि विवाहेच्छू तरुण प्रतीक्षायादीत, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ टक्के पारशी साठीपुढील होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची व्याप्ती कळते. तेव्हा टंचाई बांधकामाची कमी आणि घरे रिकामी होण्याची अधिक होती, असेच म्हणावे लागेल.

उशिरा होणारे विवाह व अविवाहितांचे मोठे प्रमाण ही घटीची प्रमुख कारणे होत. घर नाही म्हणून विवाह लांबतो, हे खरे. पण उच्चशिक्षण व स्थलांतर यांचा प्रभाव घराने पुसला जात नाही. २०१३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'जियो पारसी' योजनेचा भर वंध्यत्वावरील उपचार व प्रबोधन यांवर होता.

आणखी एक अडसर व्याख्येचा आहे. १९०८ च्या पेटिट विरुद्ध जिजीभॉय खटल्यातील मतांच्या आधारे पारशी पित्याची अपत्ये पारशी गणली गेली; समाजाबाहेर विवाह केलेल्या स्त्रियांची अपत्ये वगळली गेली. बागांतील घरे पारशांसाठीच राखीव असल्याने या मुलांना तेथे वारस म्हणून स्थान मिळविणे कठीण झाले.