मुक्काम कुठे करायचा? संगीतनगरी, जात आणि आपली वस्ती

डिसेंबर जवळ आला की गाण्याच्या शौकिनांची एक चर्चा हमखास सुरू होते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे तर उतरायचे कुठे? चेन्नईच्या मार्गळी हंगामाला जायचे तर कुठल्या भागात खोली घ्यायची? सभागृह जवळ हवे, रात्री रिक्षा मिळायला हवी, जेवणाची सोय हवी आणि मुख्य म्हणजे वस्ती ‘चांगली’ हवी. यातले सगळे मुद्दे बरोबर आहेत. फक्त ‘चांगली वस्ती’ कोणासाठी चांगली, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नाही. आपण आंबेडकरी माणसांनी तो विचारला पाहिजे, कारण या प्रश्नाचा इतिहास आपल्या अंगावरून गेलेला आहे.

सुरुवात बडोद्यापासून करू. बडोदा ही त्या काळातली खरी संगीतनगरी होती. मौलाबक्षांची गायनशाळा तिथे १८८६ साली सुरू झाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली, पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली याच शहरात भरली. संगीताच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही परिषद अभिमानाने नोंदवलेली असते.

त्यानंतरच्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्याच बडोद्याच्या स्टेशनवर एक तरुण उतरला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, त्याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेतलेला आणि त्याच संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी आलेला. त्याच्यापुढे पहिला प्रश्न होता, उतरायचे कुठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. शेवटी पारशी नाव सांगून तो पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्याला बाहेर काढले. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज अधिकाऱ्यांच्या टेबलांवर फिरत राहिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोन्हीकडून निराशा पदरी आली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कमाठी बागेत बसून काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

परिषद आणि हा प्रसंग आपण कधी एका पानावर वाचत नाही. संगीताचा इतिहास एका कपाटात, जातीचा दुसऱ्या. पण शहर एकच होते आणि राजाही एकच होता, तोही सुधारक म्हणून नावाजलेला. गाण्यासाठी अख्ख्या देशाला दारे उघडणाऱ्या त्या शहरात एका विद्वानाला खोली मिळाली नाही. कारण शहर सुसंस्कृत आहे की नाही हे दरबार ठरवत नाही, ते धर्मशाळेचा दरवाजा ठरवतो.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट कशाला उगाळता? आज लॉजवर जात विचारत नाहीत. मान्य. रात्रीच्या मुक्कामाला आधारकार्ड आणि पैसे पुरतात. पण तोच माणूस त्याच शहरात गाणे शिकायला वर्षभर राहणार असेल, भाड्याची खोली शोधणार असेल, तर आडनाव आणि ताटात काय असते याची चौकशी सुरू होते. पाहुणा म्हणून चालतो, शेजारी म्हणून चालत नाही. आणि गाणे तर शेजारातूनच अंगात मुरते.

मुंबईकडे पाहा. संगीतनगरी मुंबईचा जो नकाशा आपल्याला दाखवतात, तो गिरगावात सुरू होतो. पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईतली शाखा १९०८ सालची, ऑपेरा हाऊसजवळची देवधरांची संगीतशाळा १९२५ सालची. गोव्याहून आलेली कलावंत घराणी याच परिसरात स्थिरावली आणि या शहराला केसरबाई, मोगूबाई मिळाल्या. हा इतिहास मोठाच आहे, तो कुणी नाकारत नाही. पण त्यातही पत्त्याचा प्रश्न होताच. १९४६ मध्ये सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्या गायिकांचे खासगी जीवन ‘लोकापवादाचा विषय’ आहे त्यांना आकाशवाणीवर बंदी घालण्याचे धोरण आले. आवाज हवा, पण तो कुठल्या घरातून येतो ते चालणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

आता दुसरा नकाशा पाहा. परळची बीआयटी चाळ, जिथल्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे २२ वर्षे राहिले. परळचाच दामोदर हॉल, जिथे कामगारांची नाटके झाली आणि ९ मार्च १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची बैठक भरली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी. इमारती २०७, खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांत गावाकडून आलेला माणूस आधी नातेवाइकाकडे टेकायचा, मग गिरणीत लागायचा. शिवडीच्या चाळीत राहणाऱ्या वामनदादा कर्डकांनी वयाच्या विशीत अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ पासून ते गीते लिहू लागले. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले आणि लिहिले. या नकाशावर एकही संगीत सभागृह नाही. तरीही आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात चौदा एप्रिलला जे गायले जाते, त्याची वाट याच नकाशावरून जाते.

भीमराव कर्डकांपासूनचे जलसे गावोगाव फिरले तेव्हा त्यांचा मुक्काम कुठे होता? गावच्या धर्मशाळेत नव्हे, देवळात तर नव्हेच. मुक्काम आपल्या वस्तीत, भाकरी आपल्या घरातली, अंथरूण शेजाऱ्याकडून मागून आणलेले. आपण हे गरिबीचे वर्णन म्हणून सांगतो. मला ते वेगळे वाटते. रात्री ज्या घरात शाहीर झोपला, त्या घराचे दुःख सकाळी त्याच्या कवनात आले. मुक्कामाची वस्ती लादलेली होती, तिच्यातून निघालेले गाणे मात्र आपले स्वतःचे होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, ते या दोन समाजांतले साम्य ओळखूनच. हार्लेममधले टपाल खात्यातले कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून एक मार्गदर्शक पुस्तिका छापली. कृष्णवर्णीय प्रवाशाने कुठल्या शहरात कुठे उतरावे, कुठे जेवावे याची ती यादी होती. ड्यूक एलिंग्टनसारखा नामवंत संगीतकार दक्षिणेच्या दौऱ्यावर आपल्या वाद्यवृंदासाठी रेल्वेचे डबेच भाड्याने घेत असे. तिथेच झोपायचे, तिथेच जेवायचे, कारण गाणे ऐकणाऱ्या शहरात हॉटेल मिळत नव्हते. आणि न्यू ऑर्लिन्स, जाझची जन्मभूमी! तिथे जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगने, गोऱ्या-काळ्या कलाकारांनी एकत्र वाजवण्यास बंदी करणारा कायदा १९५६ मध्ये आल्यावर, स्वतःच्या गावात वाजवणेच थांबवले. १९६५ मध्ये तो परत गेला. आज त्याच शहरातल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांत पर्यटक हौसेने खोल्या घेतात. ज्यांना शहराने कोपऱ्यात टाकले, त्यांचा कोपरा आता ‘खरी वस्ती’ म्हणून विकला जातो.

आता आपल्या घराकडे येऊ. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावे कुठल्याही संगीतनगरीच्या यादीत नाहीत. पण ६ डिसेंबरच्या आधीचे दोन दिवस कल्याण स्टेशनवर उभे राहून पाहा. विदर्भ-मराठवाड्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात. निम्मी माणसे तशीच दादरला जातात आणि शिवाजी पार्कच्या मंडपात मुक्काम करतात. काही मात्र इथेच उतरून आपल्याकडच्या नातेवाइकांच्या घरी येतात. चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तके आणि भीमगीते, कव्वाल्यांचे आवाज, खंजिरी घेऊन उभे असलेले शाहीर, हा या देशातला एक फार मोठा संगीत मेळा आहे. त्याला तिकीट नाही. त्याचा मुक्कामाचा नकाशा मात्र दादरपासून बदलापूरपर्यंत पसरलेला आहे, आणि तो कुठल्याही पुरवणीत छापून येत नाही.

या गावांना मुक्कामाचा अर्थ शिकवावा लागत नाही. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित या बराकींत आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला नाव मिळाले, आणि आजही आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो. घर गेलेल्या त्या माणसांनी आपली ‘भगत’ गायनाची परंपरा सोबत आणली. अंबरनाथला कारखान्यांनी माणसे आणली, बदलापूरला मुंबईतल्या घरांच्या किमतींनी. शहराने बाहेर ढकललेल्या माणसांची ही वस्ती आहे.

म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे, आणि इथे थोडे कडू बोलावे लागेल. जयंतीला आपण डीजेवर किती खर्च करतो आणि शाहिराला काय देतो? कार्यक्रम रात्री साडेअकराला संपतो, हारतुरे होतात, फोटो निघतात. मग तो म्हातारा शाहीर ढोलकीवाल्याला घेऊन शेवटची लोकल पकडायला धावतो. ‘दादा, आज राहा’ असे म्हणायला कमिटीत कुणी उरलेले नसते. ज्या समाजाच्या महामानवाला बडोद्यात बागेत बसावे लागले, त्या समाजाने आपल्या गायकाला फलाटावर बसवावे?

बीडीडीच्या चाळी आता पाडल्या जात आहेत. त्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, ती मिळालीच पाहिजेत. १६० फुटांत राहण्याला कुणी ‘संस्कृती’ म्हणू नये. पण चाळीचा चौक आणि गॅलरीतले पाहुण्याचे अंथरूण टॉवरमध्ये येत नाही. ती जागा आता समाजमंदिराने आणि बुद्धविहाराने घ्यायची आहे. आपल्या तीन गावांतल्या प्रत्येक विहारात एक खोली, दोन गाद्या, स्वच्छ न्हाणीघर आणि कलावंतासाठी जेवण, एवढे झाले तरी पुष्कळ. त्याला सरकारी अनुदान लागत नाही.

आणि सवाईला किंवा चेन्नईला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जरूर जावे. पहिल्या रांगेत बसून ऐकावे, अभिजात संगीत कुणाच्या बापाची जहागीर नाही. फक्त मुक्काम निवडताना सभागृहापासूनचे अंतर पाहा तसे हेही पाहा, की या शहरात आपली वस्ती कुठे आहे. एक संध्याकाळ तिथे काढा. त्या शहराचे जे गाणे सभागृहात पोचले नाही, ते तिथे ऐकायला मिळेल.

जयभीम!