गोजीचा माग

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, माझ्या मामांच्या रक्ततपासणीचा कागद आला आणि घरात धावपळ उडाली. मामांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ते गेली अनेक वर्षे वॉरफरिनची गोळी घेतात. महिन्यातून एकदा रक्त किती पातळ आहे ते पाहायचे; आय.एन.आर.चा आकडा तीनच्या आसपास असला की सगळे निर्धास्त. त्या दिवशी तो पाचाच्या पुढे गेला होता. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होते, ते मामांनी आठवडाभर कुणाला सांगितलेच नव्हते.

डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी दोनदा घेतली का? कुठले अँटिबायोटिक? पालेभाजी बंद केली का? सगळ्याला ‘नाही’. शेवटी मामी म्हणाल्या, “अहो, ते लाल मनुके?” मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला कुणीतरी प्रेमाने एक पाकीट दिले होते. रोज रात्री मूठभर भिजत घालायचे, सकाळी चावून खायचे आणि वर ते पाणी प्यायचे, असा क्रम तीन आठवडे चालू होता. पाकिटावर बर्फाच्छादित शिखरे आणि ‘हिमालयातील अमृतफळ’ असे शब्द. मनुके बंद झाले, गोळी दोन दिवस थांबवली, आकडा खाली आला. मग मामांनी ते पाकीट माझ्या हातात ठेवले. “तू इतिहासवाला ना? बघ बरं, हे आहे काय प्रकरण.”

प्रकरण जुने आहे, आणि त्याचा हिमालयाशी संबंध फार थोडा आहे.

गोजी हे नाव चिनी ‘गौची’ या शब्दाचे पाश्चात्त्य बाजारात घडलेले रूप. झुडूप काटेरी, फळ लांबट आणि शेंदरी-लाल, कुळ आपल्या वांग्या-टोमॅटोचे. मिरची, तंबाखू, धोतरा आणि अश्वगंधा हीही त्याच कुळातली, तेव्हा या घराण्यात जेवणही आहे आणि विषही. व्यापारात दोन जाती येतात, लायसियम बार्बारम आणि लायसियम चिनेन्स. चीनच्या अधिकृत औषधसंहितेला फळ म्हणून पहिलीच मान्य आहे.

चीनमधला सर्वांत जुना औषधी ग्रंथ म्हणजे ‘शेन्नोंग बेन्त्साव जिंग’. हान काळाच्या सुमारास संकलित झालेला हा ग्रंथ मूळ रूपात हरवला. इसवी सन ५०० च्या आसपास थाव होंगचिंग या विद्वानाने त्याची मांडणी केली, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. त्यात ३६५ द्रव्ये तीन वर्गांत लावली आहेत. खालचा वर्ग रोग हटवणाऱ्या, पण जपून वापरायच्या द्रव्यांचा. वरचा, १२० द्रव्यांचा वर्ग दीर्घकाळ घेता येतील अशांचा. गौची या वरच्या वर्गात आहे. आपल्याकडच्या रसायन-कल्पनेशी याचे नाते चटकन जाणवते. पण गंमत अशी की तिथे गौचीची चव कडू आणि गुण शीत सांगितला आहे. गोड फळाला कडू कोण म्हणेल? जुन्या वैद्यांच्या डोळ्यांसमोर फळापेक्षा मूळ असावे, असे मला वाटते. मुळाची साल आजही तिथे वेगळे औषध म्हणून, ताप आणि अंगातली उष्णता उतरवायला विकली जाते. पाल्याची भाजी होत असे. कँटनकडे अजूनही त्याचे सूप करतात. फळ पुढे आले ते हळूहळू.

थांग काळातला कवी ल्यू युशी याने एका मठातल्या विहिरीकाठी माजलेल्या गौचीवर कविता केली. थावने एक लोकोक्तीही नोंदवली आहे. तिचा आशय असा, की घरापासून दूर गेलेल्या माणसाने गौची खाऊ नये. कारण वाचकांनी ओळखलेच असेल.

१५७८ साली ली शिझेनने ‘बेन्त्साव गांगमू’ पुरा केला. १,८९२ द्रव्ये, अकरा हजारांवर योग. जवळजवळ तीन दशकांचे काम. तो छापून यायच्या सुमारास, १५९३ मध्ये, ली वारला. गौचीबद्दल त्याने एक नोंद केली आहे, ती व्यापाराच्या अभ्यासकाला मोलाची वाटावी. पूर्वी चांगला माल एका भागातला मानत, पुढे शान्शीचा, आणि त्यातही कान्सूकडचा सर्वोत्तम, असे तो सांगतो. म्हणजे फळाची कीर्ती पश्चिमेकडे, पीत नदीच्या वरच्या अंगाला सरकत होती. आज ती निंग्श्या प्रांतातल्या झोंगनिंग तालुक्यात स्थिरावली आहे. फळ यकृत आणि वृक्क यांना पोसते आणि डोळे स्वच्छ करते, असे चिनी वैद्यक मानते. यकृताचे द्वार डोळ्यांत आहे ही त्यांची धारणा. गौची, शेवंती आणि इतर वनस्पतींची डोळ्यांसाठीची गोळी आजही दुकानात मिळते.

आता डोळ्यांवरून आठवले, म्हणून थोडे आडवळण. या शोधात मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट इथेच सापडली.

लिनियसने १७५३ मध्ये या झुडपांना लायसियम हे नाव दिले. शब्द ग्रीक ‘लिकिऑन’, आशिया मायनरमधल्या लिशिया प्रांतावरून आलेला. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने काटेरी झुडपापासून काढलेल्या या नावाच्या औषधाचे वर्णन केले. मुख्य उपयोग डोळ्यांसाठी, आणि उत्तम माल कुठला, तर हिंदुस्थानचा! प्लिनी सांगतो की हिंदी लोक तो उंटाच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या पिशव्यांतून पाठवतात. ‘पेरिप्लस’मध्ये सिंधूच्या मुखावरचे बार्बारिकॉन आणि आपले भडोच या दोन्ही बंदरांच्या निर्यातीत लिकिऑन आहे. ते भरून विकायच्या इवल्याशा मातीच्या कुप्या भूमध्यसमुद्राकाठी सापडल्या आहेत, त्यांवर औषधाचे आणि विक्रेत्याचे नाव कोरलेले. क्लोरोफॉर्मवाला एडिंबरोचा डॉक्टर सिम्सन याने त्यांवर १८५६ मध्ये निबंध लिहिला.

हे हिंदी लिकिऑन म्हणजे काय, ते जॉन फोर्ब्स रॉइल याने ओळखले. सहारनपूरच्या सरकारी बागेचा तो प्रमुख होता. बाजारात त्याला रसोत दिसली, म्हणजेच आपले रसांजन, दारुहळदीचा आटवलेला काढा. आपल्या आज्या-पणज्यांना डोळे आल्यावर लावायचे हे औषध ठाऊक होते. दारुहळदीच्या एका हिमालयी जातीला रॉइलने बर्बेरिस लायसियम असे नाव देऊन ठेवले. थोडक्यात, भडोचहून रोमला गेलेल्या डोळ्यांच्या औषधाचे नाव लिनियसने वांग्याच्या कुळातल्या झुडपाला चिकटवले, आणि त्याच झुडपाचे फळ चीनमध्ये डोळ्यांचे औषध होते. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून प्राचीन भारत-चीन वैद्यकाचा सिद्धांत कुणी उभारू नये, एवढी विनंती.

नावांची चूक एवढ्यावर थांबली नाही. अठराव्या शतकात अर्गाइलच्या तिसऱ्या ड्यूककडे चहाचे झाड आणि हे झुडूप आले, तेव्हा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. इंग्लंडच्या कुंपणांत ते अजून ‘ड्यूक ऑफ अर्गाइलचे चहाचे झाड’ म्हणून ओळखले जाते.

मामांच्या पाकिटावर अडीचशे वर्षे जगलेल्या चिनी साधूचा उल्लेख होता. तो ली चिंगयुएन, सच्वान प्रांतातला वनस्पतिविक्या. मे १९३३ मध्ये तो वारला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की तो स्वतःचे वय १९७ सांगे, इतर हिशोबांनी ते २५६ होई. या वयाला विश्वासार्ह पुरावा नाही, पण २००० नंतर गोजीचा रस विकणाऱ्यांना तो देवासारखा पावला. त्याच विक्रेत्यांनी फळाला हिमालयात नेऊन ठेवले. वायव्य भारताच्या कोरड्या माळांवर लायसियमच्या जाती उगवतात हे खरे, पण पाकिटातला माल बहुतेक निंग्श्याच्या सपाट शेतांतला. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २००६ मध्ये रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या विक्रेत्यांना ताकीद दिली.

फळात काहीच नाही, असे मात्र नव्हे. त्याचा लाल-केशरी रंग झिअ‍ॅक्सँथिनचा, आणि हाच रंगकण आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी असतो. हाँगकाँगमध्ये २००५ च्या एका प्रयोगात रोज १५ ग्रॅम फळे २८ दिवस दिल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण अडीचपट झाले. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात २७ जणांवर झालेल्या छोट्या प्रयोगात ९० दिवसांनी दृष्टिपटलातला रंगकण वाढलेला दिसला. म्हाताऱ्या वैद्यांची नजर अगदीच चुकीची नव्हती. पण रंगकण वाढणे आणि आंधळेपण टळणे यांत अंतर आहे. ते पाकिटावर छापले जात नाही.

आणि हेही छापले जात नाही, की २००१ सालीच एका औषधशास्त्रीय नियतकालिकात ६१ वर्षांच्या चिनी बाईची हकीकत आली होती. ती वॉरफरिनवर होती, आकडा दोन-तीनमध्ये स्थिर. गोजीचा दाट काढा चार दिवस, रोज तीन-चार पेले घेतला आणि आकडा ४.१ वर गेला. त्यानंतरही अशा नोंदी आल्या. म्हणजे मामांना जे झाले ते वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते, फक्त आमच्यापैकी कुणाच्या वाचनात नव्हते.

हे सगळे मी मामांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. “म्हणजे अंजन आपलं, नाव ग्रीकांचं, फळ चिन्यांचं आणि रक्त माझं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “दारुहळद चालेल का रे मला?”

“ते डॉक्टरांना विचारा,” मी म्हटले. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “काही विचारायचं नाही आणि काही खायचं नाही!”