बिऱ्हाड आणि कारखाना

परमुलखीं नोकरी पत्करणाऱ्या गृहस्थास दोन निर्णय करावे लागतात. पहिला नोकरीचा; तो बहुधा एका पत्रानें ठरतो. दुसरा बिऱ्हाडाचा, तो सर्व कुटुंबास रोज भोगावा लागतो. कारखाना जेथें असेल तेथें असतो, त्याला इलाज नाहीं. परंतु घर कोठें घ्यावें, मुलें कोणत्या शाळेंत घालावीं, आणि दिवसाचे किती तास रस्त्याला द्यावे, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. या निवडीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या वेढ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें चाकणचा किल्ला कसा लढविला, हें शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच चाकणच्या माळावर दिवसभर राबणारीं माणसें संध्याकाळीं मुक्कामास कोठें जातात व कां जातात, हाही प्रश्न इतिहासाचाच आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यापुरता त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

१८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. तिची वाट चिंचवड-पिंपरीवरून जाते. तरी पुढें जवळजवळ शंभर वर्षें हीं गांवें गांवेंच राहिलीं. चिंचवडास लोक जात ते मोरया गोसावींच्या समाधीच्या दर्शनास. बिऱ्हाड करण्यास नव्हे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उखडलेलीं कुटुंबें पिंपरीस येऊन राहिलीं. परंतु त्यांनीं ही जागा निवडली असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. निवड करण्याइतकी सवड दैवानें त्यांना दिलीच नव्हती.

नोकरीसाठीं येथें येऊन राहणें खऱ्या अर्थानें सुरू झालें तें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यामुळें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें, आणि कारखान्याशेजारीं कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली. ही पद्धत महाराष्ट्रास नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतल्या कुंडलच्या ओसाड माळावर कारखान्याबरोबर किर्लोस्करवाडीही वसविली होती. विलायतेंत कॅडबरी बंधूंनीं बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल हें गांव त्यापूर्वींच वसविलें होतें. या पद्धतींत निवड कुटुंबाची नसून मालकाची असते. बाप दुपारीं घरीं जेवावयास येऊं शकतो, हें सुख लहान नव्हे. परंतु घर नोकरीला बांधलेलें असतें. नोकरी संपली कीं अंगणांतलें लावलेलें झाडसुद्धां मागें ठेवून निघावें लागतें.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि त्या दशकांत टेल्को, बजाज ऑटो यांसारखे प्रचंड कारखाने पिंपरी-आकुर्डीस आले. एवढ्या माणसांना पुरतील इतक्या वसाहती बांधणें कोणाही एका मालकाच्या आवाक्याबाहेरचें होतें. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी यांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिचीच महानगरपालिका झाली. मधल्या काळांत, १९७२ सालीं, नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्यानें जमीन संपादून रुंद रस्ते आंखले आणि भूखंड पाडले. १९७८ सालीं पुणें-लोणावळें लोकल धांवूं लागली. आतां प्रथमच नोकरदार कुटुंबाच्या हातीं निवड आली. निगडीस किंवा आकुर्डीस लहानसें स्वतःचें घर, कारखाना सायकलीच्या टप्प्यांत, आणि मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत जाण्याच्या वयाची झाली म्हणजे पुण्यास नेणारी आगगाडी, असा हा मेळ होता. ज्यांनीं प्राधिकरणाच्या जमिनीसाठीं आपलीं शेतें दिलीं त्यांचें म्हणणें निराळें असेल, व तेंही ऐकलें पाहिजे. परंतु बिऱ्हाड करणाऱ्याच्या दृष्टीनें हा काळ बरा होता असेंच म्हणावें लागतें. तें प्राधिकरण २०२१ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांत विलीन झालें, तरी निगडीकर आपला पत्ता अजून ‘प्राधिकरण’ असाच सांगतात.

यापुढें परदेशी बिऱ्हाडकरू आले. १९९४ सालीं मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी निघाली, व टेल्कोच्याच आवारांत तिच्या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. हजारों मैलांवरून येणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, मुलांच्या शाळेचा असतो. १९९८ सालीं मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल निघालें. महिंद्र इंटरनॅशनल स्कूल हें त्याचें आतांचें नांव. तें हिंजवडीस स्थिरावलें. पुढें २००९ सालीं कंपनीचा कारखाना मात्र चाकणास गेला. त्याच वर्षीं फोक्सवॅगननेंही तेथेंच आपला कारखाना उघडला. म्हणजे शाळा पश्चिमेच्या टोंकास आणि कारखाना उत्तरेच्या, मध्यें २५-३० किलोमीटरांचा रस्ता! बिऱ्हाड शाळेजवळ थाटावें तर बापाची संध्याकाळ नाशिक रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेंत जाते. कारखान्याजवळ थाटावें तर मुलांची सकाळ शाळेच्या बसमध्यें जाते. आणि हा पेंच कांहीं जर्मनांपुरताच नाहीं. नागपूर, लातूर वा कोल्हापूरहून चाकणास आलेला तरुण अभियंताही बायकोची नोकरी व मुलाची शाळा यांच्या हिशेबानें वांकड किंवा चिंचवड गांठतो, आणि तोच रस्ता तुडवितो.

आतां याच्या उलट प्रवास पाहूं. आपल्याकडील अभियंते नोकरीनिमित्त जर्मनींत श्टुटगार्टकडे जातात, तेव्हां त्यांना काय आढळतें? तेथील उपनगरी आगगाडीही १९७८ सालींच सुरू झाली. योगायोग विलक्षण आहे. पण पुढची कथा सारखी नाहीं. तेथें गाडी वाढत गेली. १९८५ सालीं ती ब्योब्लिंगेनास पोंचली, २०१० सालीं झिंडेलफिंगेनास. आणि झिंडेलफिंगेन म्हणजे १९१५ पासून मोटारींच्या कारखान्याचें गांव. आपल्याकडे गाडी लोणावळ्याच्या त्याच मार्गावर राहिली आणि कारखाना तिला सोडून निघून गेला. चाकणास आजही रेल्वे नाहीं. दुसरा भेद शाळेचा. त्या प्रांतांत सरकारी प्राथमिक शाळा सामान्यतः राहत्या वस्तीवरून ठरते. घर घेतलें कीं शाळा मिळाली. येथें शाळा आधीं शोधावी लागते, प्रवेश मिळाला तर घर, आणि उरलेलें सारें अंतर कर्त्या माणसानें भरून काढावयाचें.

यावरून जर्मन शहाणे आणि आपण अडाणी, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. निगडी-आकुर्डी वसविणाऱ्यांनीं घर, काम व गाडी यांचा मेळ आपल्याच मातींत घालून दाखविला होता. तो विसरला गेला एवढेंच. चाकणास जमीन दिली, वीज दिली, रस्ता दिला. मात्र तेथें येणाऱ्या माणसाला कुटुंबही असतें, या गोष्टीचा विचार मागाहून करूं असें ठरलें, आणि जें मागाहून करावयाचें तें बहुधा राहून जातें. २०२२ सालीं मेट्रो सुरू झाली, व आज तिनें पिंपरीहून स्वारगेटास जातां येतें. ही सोय मोठी आहे. पण ती पुण्याच्या दिशेची आहे, चाकणच्या नव्हे.

म्हणून नव्या गांवीं बिऱ्हाड शोधणाऱ्यानें, मग तें गांव चाकण असो वा श्टुटगार्ट, खोल्या किती व भाडें किती यांच्या आधीं एक साधा हिशेब मांडावा. कामाच्या दिवशीं घरांतलीं सर्व माणसें जागेपणीं किती वेळ एकत्र असतील? नकाशावरील अंतरें फसवितात, हा हिशेब फसवीत नाहीं. आणि ज्यांच्या हातीं नवीं नगरें वसविण्याचें काम आहे त्यांनींही हाच हिशेब मांडावा. कारखाना किती मोटारी काढतो याची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. तेथून घरीं परतणारा बाप मूल जागें असतांना पोंचतो कीं नाहीं, याची नोंद कोणाच्याच वहींत नसते. ती फक्त घरांत राहते.