पदव्यांचा जमाखर्च

दर साली १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतला पेंटर कमानीवर बाबासाहेबांच्या पदव्या रंगवतो. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. अक्षरापुढं टिंब, परत अक्षर, परत टिंब. लहानपणी मी त्याची शिडी धरून उभा राहायचो. अक्षरांचा अर्थ कळत नव्हता, पण टिंबं मोजता येत होती. जितकी टिंबं जास्त तितका आपला माणूस मोठा, एवढाच आमचा हिशेब. त्या टिंबांमागं पैसा किती गेला, कुणी दिला, कुठल्या अटीवर दिला, हे कमानीवर मावत नाही. पुढाऱ्यांच्या भाषणात तर ते कधीच येत नाही.

औंदा मला ते शोधावं लागलं. कारण घरातलंच. माझी भाची बी. एस्सी. झाली आणि जर्मनीला शिकायला जायचं म्हणून बसली. बाप टॉवेलच्या मागावर, आई विड्या वळते. एका रात्री मी पाळीवरून आलो तर पोरगी कागद पुढं घेऊन बसलेली. म्हणाली, "मामा, फी नाय म्हणतेत तिथं. पण व्हिसाच्या आधी बँकेत ११,९०४ युरो ठेवायचं म्हणं. आपलंच पैसं, महिन्याला ९९२ युरो परत मिळतंय." आपलंच पैसं! अकरा-बारा लाख रुपये. आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "बाबासाहेबांनी कसं केलं आसंल?"

मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. शाळा नववीत सुटली, पुढचं वाचून वाचून. मला उत्तर देता आलं नाही. 'जिद्दीनं केलं' असं म्हणून सुटता आलं असतं, पण जिद्दीवर बोटीचं तिकीट मिळत नाही. म्हणून वाचायला बसलो. जे सापडलं ते मांडतो.

सुरुवात १९१३ पासून. फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले. ४ जूनला बडोदे सरकारशी करार झाला. करार म्हणतोय मी, देणगी नाही. सयाजीराव मोठ्या मनाचा राजा खराच, पण कागद कागदच असतो. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडायचे. म्हणजे महिना एकशे साडेबहात्तर रुपये. त्यात न्यूयॉर्कात राहायचं, खायचं, शिकायचं, पुस्तकं घ्यायची आणि मुंबईच्या घरालाही काहीतरी धाडायचं. ज्या माणसानं पुढं अख्ख्या देशाच्या चलनाचा हिशेब मांडला, तो आधी ह्या साडेअकरा पौंडांवर हिशेब शिकला, असं मला वाटतं.

१९१६ साली कोलंबियातून ते लंडनला गेले. युरोपच्या विद्यापीठाचं दार इथं पहिल्यांदा ठोठावलं. प्रवेशाला काय लागलं? एक पदवी, दुसरं शिफारसपत्र. कोलंबियाचे प्रोफेसर सेलिगमन यांनी लंडनला प्रोफेसर फॉक्सवेल यांच्या नावे पत्र दिलं. आपल्या पोरांना शिफारस म्हणजे वशिला वाटतो. आपण वशिल्यानं मागं पडलेली माणसं, म्हणून चिठ्ठी शब्दाचीच चीड येते. पण इथं शिकवणारा शिकणाऱ्याबद्दल लिहितो, त्याचं काम बघून. जात बघून शेरा मारणारे मास्तर आपण पाहिलेत, म्हणून ह्या पत्राचं नवल वाटतं इतकंच.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. हॉबहाऊस, मॅकिंडर, लोज डिकिन्सन यांचे वर्ग. फी दहा पौंड दहा शिलिंग. मी हा आकडा दोनदा वाचला. दहा पौंड दहा शिलिंग, म्हणजे एका महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षाही कमी! इथं मला भाचीच्या कागदाचा अर्थ लागला. फी कधीच मोठी नव्हती. तेव्हा नव्हती आणि जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत आजही बहुतेक ठिकाणी नाही. महाग असतं ते न कमावता जगणं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं एक धडधाकट माणूस घरात पगार आणत नाही आणि परक्या गावात भाडं भरतो, हा शिक्षणाचा खरा खर्च. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धान्याची कणगी भरलेली, त्यांच्या तो ध्यानातही येत नाही. आमच्याकडं पोरगं दहावीला बसलं की बाप विचारतो, "कधी लागतोस कामाला?" बाप वाईट नसतो. त्याला हा खर्च तोंडपाठ असतो.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्ध्यात थांबलं. बुद्धी संपली नव्हती, पौंड संपले होते. लंडन विद्यापीठानं ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली. चार वर्षं! पहिल्या महायुद्धाचे दिवस. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलेलं, ती पाणतीरानं बुडाली. त्याची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच पुढं बडोद्याला जायचं भाडं निघालं. तिथं काय झालं ते आपल्या पोराबाळांना ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकायचे आणि पारशी सरायीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कोलंबियाच्या एम. ए.ला बडोद्यात खोली मिळाली नाही. दहा वर्षांच्या नोकरीचा करार असा अकरा दिवसांत मोडला.

मग सिडनहॅम कॉलेज, मुंबई. १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत प्रोफेसरकी, पगार ४५० रुपये. दुसरा कोणी असता तर बंगल्याचं भाडं भरू लागला असता. हे परळच्या चाळीतच राहिले आणि पैसा बाजूला टाकत गेले. डोळ्यापुढं ती चार वर्षांची मुदत. नवल भथेना ह्या पारशी मित्रानं ५,००० रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. (एका पारशी सरायीनं हाकललं आणि एका पारशी मित्रानं कर्ज दिलं. सबंध जमातीला एकाच तराजूत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) घर चालवायला रमाई. तिच्या गोवऱ्यांची गाणी आपण गातो, पण लंडनच्या जमाखर्चात तिचं नाव कोण मांडतो? न कमावता जगण्याचा जो खर्च मी म्हणालो, त्यातला अर्धा तिनं उपाशी राहून भरला.

जुलै १९२० मध्ये परत बोट. फी आता अकरा पौंड अकरा शिलिंग. एका गिनीची वाढ. राहायला अशी खाणावळ की मालकीण जेवण मोजून वाढायची. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी, कपभर बोव्हरिल. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. रात्री पुन्हा बोव्हरिल आणि बिस्किटं. ओळखीच्या एका गुजराती माणसानं दिलेले पापड पत्र्यावर भाजून भूक मारायची. आणि ह्याच माणसाचं नाव बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. तिथला तेव्हाचा नियम असा की नुसती परीक्षा देऊन बॅरिस्टर होता येत नव्हतं, दर सत्रात तिथल्या दिवाणखान्यात ठराविक जेवणं जेवावी लागायची. म्हणजे काय गंमत बघा. भुकेल्या माणसाला एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला सक्तीची पंगत, तीही आपल्याच पैशानं. आपल्याकडं पंगतीतून उठवतात. तिथं बसायचे पैसे घेतात. तरी दोन्हींत फरक आहे. तिथं पैसे भरले की खुर्ची मिळत होती.

आता रुपयाची गोष्ट. हे जरा धीरानं वाचा, कारण इथंच सगळी मेख आहे. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. १९२१ मध्ये तो घसरून एक शिलिंग चार पेन्स आणि त्याच्याही खाली आला. समजा कुणाला घरून ५,००० रुपये यायचे होते. दोन शिलिंगांच्या भावानं त्याचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या भावानं होतात ३३३. मधले १६७ पौंड कुणी चोरले नाहीत, कुणी उधळले नाहीत. वारले. लंडन स्कूलच्या फीच्या चौदापट रक्कम नुसत्या भावात गेली. आणि बाबासाहेबांनी डी. एस्सी.साठी विषय कुठला घेतला? रुपयाचा प्रश्न. विद्वान लोक त्यातला सिद्धान्त सांगतील. मला त्या पानांवर पोस्टातून मनिऑर्डरची वाट बघणारा माणूस दिसतो. पगाराच्या दिवशी महागाई भत्ता मोजणारा कामगार आणि तो माणूस, जात एकच.

आणि ह्याच तंगीत त्यांनी जर्मनीचं दार ठोठावलं.

इथं भाषेची गोष्ट येते. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकू दिलं नव्हतं. पर्शियन घ्यावं लागलं. ज्या देशात आपल्याच मातीतल्या भाषेला सोवळं, त्या देशातला पोरगा न्यूयॉर्कात जाऊन जर्मन आणि फ्रेंच शिकतो. कोलंबियाच्या त्यांच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्राच्या डोंगराशेजारी प्राथमिक जर्मनचा एक आणि प्राथमिक फ्रेंचचा एक वर्ग आहे. जर्मन शिकायला तुझी जात काय, हे तिथं कोणी विचारलं नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये लंडनहून त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. स्वतःच्या हातानं, जर्मन भाषेत. सोबत आपला जीवनवृत्तान्त, तोही जर्मनमध्ये. वय २९. तो कागद बॉनच्या विद्यापीठानं जपून ठेवलाय.

पुष्कळ लोक सांगतात की ते बॉनला संस्कृतसाठी गेले. बॉन संस्कृतचं जुनं पीठ हे खरंच. १८१८ पासून तिथं श्लेगेल होता, त्यानं १८२३ मध्ये गीता छापली. बाबासाहेबांच्या काळात याकोबी नावाचा मोठा पंडित तिथं होता. मुंबईत महाराच्या पोराला जी भाषा बंद, ती राईन नदीच्या काठी खुली. गोष्ट म्हणून कुणालाही आवडेल, मलाही आवडते. पण नोंद अर्थशास्त्राची आहे. गोष्ट गोड लागते म्हणून नोंद बदलायची नाही. तसं करणारे शेंडीवाले इतिहासकार आपल्याकडं आधीच पुष्कळ झालेत.

बॉनच का? माझा अंदाज पैशाकडंच जातो. लढाईपूर्वी एका पौंडाला वीस मार्क मिळायचे. १९२१ च्या सुरुवातीला अडीचशेच्या आसपास मिळू लागले. तिकडच्या कामगाराचं रक्त आटत होतं. आपल्या माणसाच्या दोन पौंडांना मात्र तिथं वजन आलं होतं. ही गोष्ट लिहितानाही बरं वाटत नाही. एकाच्या चुलीवर पाणी पडल्याशिवाय दुसऱ्याला शिक्षण स्वस्त होत नाही, हा कसला बाजार!

एप्रिल १९२१ मध्ये बॉनला नाव लागलं. जानेवारी १९२२ मध्ये कमी झालं, कारण वर्गाला हजेरीच नव्हती. हजर कुठून राहणार? लंडनची एम. एस्सी. १९२१ च्या जूनमध्ये, बॅरिस्टरी १९२२ च्या जूनमध्ये, डी. एस्सी.चा प्रबंध तिकडंच चाललेला. पुढं १९२२ मध्ये ते जर्मनीला जाऊन काही दिवस राहिले, पण लंडनच्या प्रबंधासाठी परतावं लागलं. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले ते पैसे संपल्यावरच. प्रबंध दुरुस्त करून इथूनच धाडला. नोव्हेंबरात तो मंजूर झाला. बॉनची पदवी नाही. म्हणून कमानीवर बॉन नाही. मला मात्र सगळ्या टिंबांपेक्षा तो न फळलेला अर्ज जवळचा वाटतो. आमच्यापैकी किती जणांचे अर्ज असेच कुठल्यातरी कपाटात पडून आहेत.

आता कुणी म्हणेल, तेव्हा राजे होते, आज सरकार आहे. बरोबर. १९५४-५५ पासून केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहूंच्या नावानं आहे. तिच्या जोरावर आपली पोरं गेली, शिकली, हे नाकारणारा मी नाही. पण २०२२ साली केंद्रानं नियमात घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, ह्या विषयांना पैसा नाही. बाबासाहेबांचा कोलंबियाचा एम. ए.चा विषय प्राचीन भारतातला व्यापार. १९१६ चा निबंध भारतातल्या जातींवर. म्हणजे आज भिमराव रामजी फॉर्म भरायला गेले असते तर खिडकीवरचा कारकून म्हणाला असता, विषय बदलून आणा. आणि २०२५ च्या जुलैत १०६ पोरं निवडली आणि पहिल्यांदा पत्रं दिली चाळीस जणांनाच. बाकीच्यांना सांगितलं, पैसा असला तर. गुणवत्ता त्यांनीही सिद्ध केली होती. पुन्हा तोच साडेअकरा पौंडांचा प्रश्न.

हे सगळं मी भाचीला एका रविवारी वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. ११,९०४ चा आकडा काही कमी झाला नाही. आक्का म्हणाली जागेचा कागद गहाण टाकू. दाजी गप्प. मी पीएफमधून उचल मिळते का ते विचारून आलोय, अजून कळायचंय. भाची मोबाईलवर जर्मन शिकते. तिच्या अभ्यासक्रमाला इंग्रजी चालतं, तरी म्हणते, बाबासाहेबांनी त्यांच्या भाषेत लिहिलं तर मीबी लिहिणार. परवा तिनं वहीच्या मागच्या पानावर जर्मनमध्ये आपला जीवनवृत्तान्त लिहायला घेतला. नाव झालं, जन्मतारीख झाली, गाव झालं. बापाच्या धंद्यापाशी अडलीय. विणकर म्हणायचं की कामगार, हे तिचं आणि दाजीचं अजून ठरत नाही.