मुंबईच्या तळ्यांतला स्पंज

स्पंज म्हटलं की समुद्र आठवतो, आणि आपल्या संभाजीनगरपासून समुद्र खूप लांब. पण आजचा स्पंज गोड्या पाण्यातला आहे.

हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला डॉक्टर. १८४२ साली तो मुंबईत आला. तेव्हा विहार तलाव नव्हता, शहर विहिरी-तळ्यांचं पाणी प्यायचं. त्या तळ्यांत दगडांना चिकटून खरखरीत थर वाढायचा. लोकांना ते शेवाळ वाटावं असंच. खुद्द अभ्यासकांतही वाद होता, ही वनस्पती की प्राणी? १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँटने स्पंजमधून पाण्याचे प्रवाह वाहताना पाहिले होते, तरी वाद मिटला नव्हता.

कार्टरने १८४८ च्या लेखाच्या शीर्षकातच 'प्राणिपणा' हा मुद्दा घातला. पुढच्या वर्षी त्याने मुंबईतल्या काही नव्या जाती नोंदवल्या. त्यातली 'स्पाँजिला अल्बा' आजही त्याच नावाने ओळखली जाते.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती दाण्यांची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की स्पंज वाळून मरतो, पण आत खसखशीएवढे दाणे शिल्लक राहतात. पाऊस पडून तळं भरलं की त्यातून नवा स्पंज. (आमच्या भाषेत बॅकअप!) कार्टरने असे दाणे पाण्यात ठेवून उगवताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग लाल रंग पाण्यात मिसळला, तर रंगाचे कण स्पंजच्या आतल्या छोट्या पिशव्यांत जमा झाले. म्हणजे हा खातो! १८५७ मध्ये त्याने ते छापलं.

१८६२ ला तो इंग्लंडला परतला. दुसऱ्याच वर्षी बॉवरबँकने एका जातीला 'कार्टेरी' नाव दिलं. पुढे मन्नारच्या आखातापासून कुठकुठले समुद्री स्पंज त्याच्याकडे ओळख पटवायला जायचे. तालीम मात्र आपल्या तळ्यांवर झालेली.

ती तळी आता कुठायत? गवालिया टँकवर ऑगस्ट क्रांती मैदान आहे, धोबी तलावात पाणी नाही. नळाचं पाणी आलं, मग मलेरियाच्या डासांपायी तळी-विहिरी बुजवल्या गेल्या. निर्णय चुकीचा म्हणवत नाही, माणसं मरत होती. पण कार्टरने ज्या दगडांवर हे शिकलं, ते दगड गेले.

जात मात्र गेली नाही. 'कार्टेरी' भारतात बऱ्याच ठिकाणी सापडते. एप्रिलमध्ये एखादं तळं आटलं असेल तर दगडांवर आणि बुडालेल्या काटक्यांवर बघा. हात लावलात तर डोळे चोळू नका, त्यात काचेसारख्या बारीक सुया असतात.